बरणी उलटी करा: जुनी झिलईदार भांडी ओळखणं, जमवणं आणि त्यांचं मोल ठरवणं

चिनी मातीची बरणी समोर आली की आपला हात आधी झाकणाकडे जातो. आत लोणचं आहे की मुरांबा, हे बघायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. जुनी भांडी जमवायची असतील तर ही सवय मोडावी लागते. झाकण काढून बाजूला ठेवायचं, बरणी दोन्ही हातांनी धरून आडवी करायची आणि तळ बघायचा. भांड्याचं तोंड आणि पोट गिऱ्हाईकासाठी सजवलेलं असतं. तळ कुणी बघणार नाही अशा समजुतीनं तो तसाच सोडलेला असतो, म्हणून तो सहसा खरं बोलतो. या लेखात पुढे जे काही आहे, त्यातलं निम्मं या एका सवयीभोवती फिरतं.

आधी कुंपण घाला

‘जुनी चिनी माती’ हा विषय फार अफाट आहे. सगळंच जमवायला निघालात तर दोन वर्षांत घरात दुकान होईल आणि डोक्यात गोंधळ. महाराष्ट्रात राहणाऱ्याच्या वाट्याला खरोखर येतील असे चार-पाच प्रकार आहेत. त्यातला एक निवडा.

सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे दुरंगी बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढुरकी. हिचा वंश थेट इंग्लंडातल्या ब्रिस्टलपर्यंत जातो. १९व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिकडे दगडी मातीच्या (म्हणजे स्टोनवेअरच्या) भांड्यांना मिठाची झिलई देत. भट्टी तापली की आत मीठ टाकायचं, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून काच तयार करायची. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत व्हायचा. १८३५च्या सुमारास ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेल यांनी भांडं बुडवून लावता येईल अशी पातळ झिलई आणली. वरचा भाग लोहयुक्त तपकिरी झिलईत बुडवायचा, खालचा पांढऱ्या झिलईत. शाई, जिंजर बियर, लोणची, आम्लं, सगळं त्या भांड्यांतून जगभर गेलं. पुढे बंगालात राणीगंजच्या बर्न कंपनीसारख्या कारखान्यांनी आणि सौराष्ट्रात थान, मोरबी, वांकानेर या पट्ट्यातल्या कारखान्यांनी तशी भांडी इथेच काढली. सौराष्ट्रातली परशुराम पॉटरी तर मराठी माणसानं उभी केलेली. आजीच्या माळ्यावरची बरणी बहुधा याच घराण्यातली असते.

दुसरा प्रकार युरोपातल्या छापील नक्षीच्या बशा, वाडगे आणि थाळे. कोकणात आणि मुंबईच्या जुन्या घरांत हॉलंडमधल्या मास्त्रिख्तच्या बशा निघतात. पेत्रुस रेगू आणि सोसिएते सेरामीक हे तिथले दोन मोठे कारखाने. तिसरा प्रकार चिनी आणि जपानी पोर्सलीन. कँटनशी व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांतून आणि गोव्याच्या जुन्या वाड्यांतून ते बाजारात येतं. चौथा प्रकार मर्तबान, म्हणजे ब्रह्मदेशातल्या मार्ताबान बंदराच्या नावानं ओळखले जाणारे मोठे गडद झिलईचे रांजण. त्यांच्या खांद्यावर दोरी ओवायला कान असतात. हिंदीत बरणीलाच मर्तबान म्हणतात, ते या बंदरामुळे.

पाचवा प्रकार माझा सगळ्यात लाडका, आणि दुर्दैवानं सगळ्यात महाग: मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली भांडी, ज्यांना बाजारात ‘बॉम्बे पॉटरी’ म्हणतात. १८७०च्या दशकात तिथले शिक्षक जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची शाखा उभी केली. सिंधमधल्या झिलईकामाची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांतले आकार यांचा मेळ या भांड्यांवर दिसतो. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या नकला करत होते, म्हणजे नक्षीचा पुरवठा घरचाच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही भांडी आहेत आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही आहेत. भायखळ्याला जाऊन ती बघितल्याशिवाय बाजारात ‘बॉम्बे पॉटरी’ म्हणून काही घेऊ नका.

डोळा आणि बोटं तयार करा

पैसे खर्च करण्याआधी तीन महिने फक्त बघण्यात घालवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी आहेत. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या झिलईच्या फरशांचे अवशेष अजून दिसतात, महालाचं नावच त्यावरून पडलं. पण काचेआडचं बघून हात तयार होत नाही. त्यासाठी फुटकी भांडी विकत घ्या. जुन्या बाजारात तुटकी बशी, कान गेलेला कप, अर्धी बरणी चहाच्या पैशात मिळते. फुटलेल्या कडेत मातीचा पोत आणि झिलईची जाडी उघड दिसते. माझ्याकडे अशा तुकड्यांचा बुटांचा खोका आहे आणि माझ्या संग्रहातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

तुकडा हातात घेऊन आधी माती ओळखायची. साध्या भाजलेल्या मातीचं भांडं सुमारे १,००० ते १,१०० अंश सेल्सिअसला भाजतात. ते सच्छिद्र राहतं, कड ठिसूळ असते, उघड्या भागावर पाण्याचा थेंब ठेवला तर शोषला जातो. दगडी माती १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत जाते. ती घट्ट आणि करड्या किंवा पिवळसर रंगाची असते, थेंब तसाच राहतो. पोर्सलीन त्याहून पांढरं आणि काचेसारखं. पातळ बशी दिव्यासमोर धरली तर मागच्या बोटांची सावली दिसते. काही जुने जाणकार मातीला जीभ लावून बघतात, ती चिकटली तर माती सच्छिद्र. तुम्ही ते करू नका. त्या तळावर चाळीस वर्षांची घाण असते, शिवाय शिसं असू शकतं.

मग झिलई. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. तिला रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्ट निळा देतो. तांबं क्षारयुक्त झिलईत मोरपंखी आणि शिशाच्या झिलईत गवती हिरवं दिसतं. मँगनीजपासून जांभळट तपकिरी, लोहापासून मधाळ पिवळा ते काळा. कथिल घातलं की झिलई दुधाळ, अपारदर्शक होते. हे पाठ असण्याचा फायदा असा की विक्रेता ‘सिंधी आहे’ म्हणाला तर निदान कोणता हिरवा, कोणता निळा हे तरी तपासता येतं.

तळाची तपासणी

दिवसाच्या उजेडात, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसा. भिंग चष्म्याच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळतं. तळाकडे बघताना मी हा क्रम पाळते.

पहिलं, टेकणारी कड. भांडं भट्टीत फळीला चिकटू नये म्हणून ही कड झिलईविना ठेवतात किंवा पुसून काढतात. तिथेच मूळ माती दिसते. जुन्या चिनी पोर्सलीनमध्ये झिलई संपते त्या रेषेवर बऱ्याचदा गंजासारखी नारिंगी किनार असते. मातीतल्या लोहामुळे ती येते. नकली भांड्यावर ही किनार रंगानं काढतात. ओल्या कापसानं पुसून बघा, आणि ती सगळीकडे सारख्याच जाडीची असेल तर जास्तच संशय घ्या.

दुसरं, झीज. भांडं पन्नास-शंभर वर्षं फळीवर सरकवलं गेलं असेल तर टेकणारी कड गुळगुळीत होते आणि तिच्यात मळ मुरतो. खोलगट मधला भाग मात्र कशालाच लागत नाही, म्हणून तो तुलनेनं ताजा राहतो. सगळा तळ एकसारखा काळपट दिसला तर ते वय नव्हे, चहाचं पाणी किंवा बुटाचं पॉलिश. बशीच्या आतल्या ओरखड्यांचंही तसंच. वापरातले ओरखडे आडवेतिडवे, कमीजास्त खोल असतात. पॉलिश पेपरनं काढलेले एका दिशेला, शिस्तीत. झीज जिथे हात लागतो, जिथे भांडं घासतं, तिथेच असायला हवी.

तिसरं, चाकाच्या आणि साच्याच्या खुणा. बरणीच्या आत हात घालून बोटं फिरवा. चाकावर काढलेल्या बरणीत कुंभाराच्या बोटांच्या वळ्या जाणवतात. साच्यातल्या बरणीच्या दोन बाजूंना उभी पुसट शिवण असते. साच्यातली म्हणजे नवी असं नाही, पण विक्रेता ‘हातची’ म्हणत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

चौथं, आवाज. भांडं तळहातावर मोकळं धरा आणि बोटाच्या नखानं हलकी टिचकी मारा. अंगठीनं किंवा नाण्यानं नाही. अखंड भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बाजारात माठ घेताना आपण हेच करतो. जाड बुडाच्या बरण्या मुळातच थोड्या बद्द असतात, त्यामुळे शेजारी तशीच दुसरी बरणी असेल तर दोन्हींचे आवाज ताडून बघा.

झिलईतल्या बारीक जाळीबद्दल दोन शब्द. भट्टीतून निघाल्यावर माती आणि झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, तेव्हा झिलईला अशा भेगा पडतात. ही जाळी वयाचा पुरावा नाही. गरम भांडं पाण्यात बुडवून ती दोन मिनिटांत पाडता येते. खऱ्या जुन्या जाळीत डाग असमान असतात, तेल किंवा रस्सा लागला तिथे गडद, इतरत्र जवळजवळ अदृश्य.

शिक्का वाचणं

एकदा एक विक्रेता मला म्हणाला, “ताई, पेशवाईतली बरणी आहे, डोळे मिटून घ्या.” मी डोळे उघडे ठेवून उलटी केली. तळावर ठशात लिहिलं होतं ‘५ लि.’ भारतात दशमान मापं टप्प्याटप्प्यानं आली ती १९५८पासून. पेशवाई १८१८ साली संपली.

आपल्याकडच्या भांड्यांना अशा देशी खुणा फार कामी येतात. पत्त्यात पिन कोड असेल तर भांडं १९७२च्या ऑगस्टनंतरचं, कारण ती पद्धतच १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. शिक्क्यात ‘मुंबई’ लिहिलंय की ‘बॉम्बे’, हेही बघा. इंग्रजीतलं अधिकृत नाव १९९५ साली बदललं. नुसता आकडा, म्हणजे २ किंवा ४, असेल तर तो बहुतेक वेळा मापाचा असतो. पूर्ण साल छापलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. कारखाने स्थापनेचं साल शिक्क्यात मिरवतात. रेगूच्या स्फिंक्स छापाखाली १८३६ दिसतं, पण ती बशी १९३०ची असू शकते.

परदेशी मालासाठी काही ठोकताळे पक्के आहेत. अमेरिकेनं १८९१पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे नुसतं ‘इंग्लंड’ किंवा ‘चायना’ असं इंग्रजीत लिहिलेलं भांडं साधारण १८९१नंतरचं धरतात, आणि ‘मेड इन’ जोडलेलं सहसा २०व्या शतकातलं. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर १८९१ ते १९२१, ‘ऑक्युपाईड जपान’ असेल तर महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याची वर्षं, म्हणजे १९५२पर्यंत. ब्रिटिश भांड्यांवर पतंगाच्या आकाराचा नोंदणी-छाप १८४२ ते १८८३ या काळात येतो, डोक्यावर रोमन चार असेल तर ते मातीकामाच्या वर्गाचं चिन्ह. १८८४पासून त्याऐवजी नोंदणी क्रमांक येतो. हे दोन्ही नक्षी कधी नोंदवली ते सांगतात. ती नक्षी पुढे वीस-वीस वर्षं छापली जायची.

चिनी राजमुद्रा हा वेगळाच सापळा. तळावर सहा अक्षरांत कांगशी सम्राटाचं (१६६२–१७२२) नाव असलं म्हणजे भांडं त्याच्या काळचं, असं मुळीच नाही. १९व्या शतकातल्या चिनी कारागिरांनी पूर्वजांच्या आदरापोटी आणि धंद्यापोटीही ती मुद्रा मुक्तहस्तानं वापरली. सुरुवातीच्या काळात मीही असा एक वाडगा ‘कांगशी’ म्हणून घेतला. घरी येऊन भिंगानं बघितलं तर मुद्रेखाली नखाएवढा एक मंद, खरबरीत पट्टा होता. तिथला ‘मेड इन चायना’ चक्क घासून काढला होता. तेव्हापासून तळ उजेडात तिरपा धरून झिलईची चकाकी सलग आहे का, हे मी आधी बघते, मुद्रा नंतर.

शिक्का नसणं हा दोष नाही. मर्तबानावर तो सहसा नसतो, जे. जे.च्या भांड्यांवर कधी शाळेचं नाव कोरलेलं असतं, कधी काहीच नसतं. तिथे माती, पांढऱ्या अस्तराचा थर आणि रंग यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

तडे, टवके आणि लपवलेली दुरुस्ती

काठावर बोट फिरवा, डोळे मिटून. उडालेला टवका आणि भरलेला टवका दोन्ही डोळ्यांआधी बोटाला कळतात. झिलई गार असते, रंगवलेला भाग किंचित कोमट आणि मऊ लागतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील विजेरीनं (३६५ नॅनोमीटरची घ्या, स्वस्त ३९५ची पुरेशी स्पष्ट दाखवत नाही) बघितलं तर नव्या डिंकाचे आणि रेझिनचे भाग वेगळे चमकतात. ॲसिटोनच्या बोळ्यानं वरचा रंग निघतो, पण दुसऱ्याच्या भांड्यावर मालकाच्या परवानगीशिवाय हा प्रयोग करायचा नाही. सोनेरी काम असेल तर आपल्याही नाही.

केसासारखा तडा सर्वात फसवा. तो काठापासून सुरू होऊन कुठेतरी विरतो. दिव्यासमोर धरला की दिसतो. काही वेळा जुन्या बशांच्या पाठीला धातूचे टाके मारलेले सापडतात. डिंक चांगले नव्हते तेव्हा हिऱ्याच्या टोकाच्या गिरमिटानं अर्ध्या जाडीपर्यंत भोकं पाडून पितळी टाके ठोकत. अशा बशीची किंमत अखंड बशीपेक्षा कमीच, तरी मला त्या आवडतात, कारण कुणाला तरी ती बशी टाकवली नाही हे त्या टाक्यांवरून कळतं.

झाकणाकडे नीट बघा. मूळ झाकणाची झिलई बरणीच्या झिलईशी छटेनं जुळते, आणि टेकण्याच्या दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या असतात. हंड्याचं झाकण मडक्याला बसवून विकणं सर्रास चालतं. झाकण ठेवून हलकेच फिरवा, ते खडखडलं किंवा एका बाजूला झुकलं तर जोड नंतर जमवलेली आहे.

नवं ते जुनं करण्याच्या युक्त्या

उत्तर प्रदेशातलं खुर्जा आजही झिलईदार भांड्यांचं मोठं केंद्र आहे. तिथला नवा माल प्रामाणिक नवा माल म्हणून उत्तम असतो. गडबड मधल्या हातात होते. झिलईची चकाकी आम्लानं मारतात, पोटॅशियम परमँगनेटनं तपकिरी छटा देतात, मातीत पुरून ठेवतात. आम्लानं मंद केलेली झिलई सगळीकडे सारखी निस्तेज असते, अगदी कानाच्या खाली आणि वळणाच्या आत, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही तिथेसुद्धा. पुरलेल्या भांड्याची माती ओल्या ब्रशनं सहज निघते. खरा जुना मळ एवढा आज्ञाधारक नसतो.

जयपूरच्या ब्लू पॉटरीबद्दल सावध राहा. तिच्यात चिकणमाती नसतेच, कुटलेला गारगोटी दगड, काचेची भुकटी, मुलतानी माती, डिंक अशी तिची लगदी असते आणि ती कमी तापमानाला भाजतात. कृपालसिंग शेखावत (१९२२–२००८) यांनी विसाव्या शतकात या कलेला नवं आयुष्य दिलं. या फरशा ‘इराणी’ किंवा ‘मुलतानी’ म्हणून विकलेल्या मी बघितल्या आहेत. फुटक्या कडेला पांढरी, साखरेसारखी रवाळ लगदी दिसली की ओळखा.

मोल कसं ठरवायचं

‘याची किंमत काय?’ या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं असतात. व्यापारी तुम्हाला देईल ती, व्यापारी तुमच्याकडून घेईल ती, आणि विमा उतरवताना लिहायची ती. पहिली सर्वात कमी, तिसरी सर्वात जास्त. भांडणं होतात ती दोघं जण वेगवेगळ्या किमतींबद्दल बोलत असतात म्हणून.

पहिली पायरी: वस्तूचं नेमकं नाव लिहा. ‘जुनी बरणी’ पुरत नाही. ‘दुरंगी दगडी मातीची बरणी, साच्यातली, मूळ झाकण, उंची अमुक, काठावर तांदळाएवढा एक टवका, तळावर अमुक ठसा’ असं हवं. हे लिहितानाच निम्मी किंमत कळते.

दुसरी पायरी: तशाच वस्तू किती रुपयांना विकल्या गेल्या ते शोधा. किती मागितले, ते नव्हे. ऑनलाइन विक्रीवर चाळीस हजारांचा आकडा टाकून तीन वर्षं पडून असलेली बरणी काहीच सिद्ध करत नाही. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर पार पडलेल्या लिलावांचे आकडे असतात. त्यात खरेदीदाराचा अधिभार आणि कर धरलाय का ते बघा. निदान पाच नोंदी मिळेपर्यंत थांबा. सर्वात महागडी आणि सर्वात स्वस्त सोडून मधल्या तीन घ्या.

तिसरी पायरी: आपल्या भांड्याच्या अवस्थेप्रमाणे काटछाट. माझा स्वतःचा अंदाजपंचे हिशेब असा: सहज मिळणाऱ्या बरणीचं झाकण नसेल तर मी निम्मी किंमत धरते, काठाला स्पष्ट टवका असेल तर पाव भाग कमी, आरपार तडा असेल तर घेतच नाही. समजा तशा अखंड बरण्या ३,००० रुपयांच्या आसपास गेल्या आहेत, तर झाकण नसलेली १,५०० आणि वर टवका असेल तर अकराशे-बाराशे. पण वस्तू दुर्मिळ असेल तर हे गणित सैल करावं लागतं. जे. जे.चा तडा गेलेला फुलदाणीचा नग पुन्हा दिसेलच याची खात्री नाही, दुरंगी बरणी पुढच्या रविवारी नक्की दिसेल.

चौथी पायरी म्हणजे वंशावळ, जिला किंमत आहे आणि जिच्यात सर्वात जास्त थापा आहेत. ‘पणजीच्या रुखवतातली’ असं कुणी म्हटलं की शांतपणे पिढ्या मोजा. पिढीला पंचवीस वर्षं धरा, सांगणाऱ्याचं वय विचारा, आणि येणारा काळ तळाच्या शिक्क्याशी जुळतो का बघा. जुळला तर ती गोष्ट, नावं, गाव आणि असल्यास जुना फोटो, लगेच लिहून ठेवा. तोंडी गोष्ट एका पिढीत हवेत जाते.

खूप महागड्या वस्तूसाठी प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनेसन्स चाचणी होते. माती शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज त्यातून येतो. त्यासाठी भांड्याला भोक पाडून भुकटी काढावी लागते आणि खर्चही बराच येतो, म्हणून पाच-दहा हजारांच्या वस्तूसाठी विचारही करू नका.

बाजारात

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. दोन्हीकडे सकाळी लवकर जा, उजेड तिरपा असतो आणि विक्रेत्याला बोहनीची घाई असते. पिशवीत भिंग, विजेरी, मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रं आणि सुटे पैसे ठेवा. पहिल्या वस्तूवर डोळे खिळवू नका, शेजारच्या निरुपयोगी वस्तूचा भाव आधी विचारा. दोष सापडला तर तो उंच आवाजात जाहीर करू नका. विक्रेत्याला शांतपणे दाखवा आणि त्यावरून घासाघीस करा. त्याचा अपमान केलात तर पुढचा चांगला नग तो तुम्हाला दाखवणार नाही.

खरा खजिना मात्र बाजारात नाही. तो नातेवाइकांच्या माळ्यावर आहे. घर पाडायला निघालं की बरण्या आधी भंगारात जातात. गावच्या काकू-मावश्यांना सांगून ठेवा, आणि वस्तू घेताना त्यांना तिची खरी किंमत सांगा. मावशीकडून शंभर रुपयांत उचललेली बरणी पाच हजारांना विकली हे लग्नकार्यात कळतंच.

कायदा

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती देशाबाहेर नेणं खासगी व्यक्तीला बंद आहे. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो. दगड, भाजलेली माती, धातू यांची शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं यांची नोंदणी सक्तीची आहे. साधी बरणी-बशी त्या नोंदणीत येत नाही, मातीची जुनी मूर्ती येते. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्यांनी आजीची बरणी बॅगेत घालण्याआधी तिचं वय नीट तपासावं. वयाबद्दल शंका येण्यासारखी असेल तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. विमानतळावर वाद घालून उपयोग नाही.

किल्ल्यांवर, लेण्यांजवळ, चौल किंवा नालासोपाऱ्यासारख्या जुन्या बंदरांच्या परिसरात झिलईचे तुकडे पायाखाली दिसतात. ते उचलू नका. संरक्षित स्थळावरून उचलणं गुन्हा आहे, आणि जागेवरून हलवलेल्या तुकड्याचं अभ्यासाच्या दृष्टीनं मोल संपतं. शेतात किंवा पाया खोदताना पुरलेला ऐवज सापडला तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या कायद्यात मर्यादा दहा रुपयांची आहे, त्यामुळे ‘किरकोळ होतं हो’ ही सबब चालत नाही.

निगा

जुन्या झिलईच्या भांड्यात लोणचं घालू नका. झिलईत शिसं असेल तर आंबट आणि खारट पदार्थ ते बाहेर ओढतात, आणि शिसं आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ‘आजी घालायची’ हे खरं, पण आजीनं तपासलं नव्हतं.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, खाली टर्किश टॉवेल. जाळी पडलेल्या किंवा सच्छिद्र मातीच्या भांड्याला ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं आम्ल कधीही लावू नका. लोणच्याच्या बरण्यांचा एक खास आजार असतो. वर्षानुवर्षं मुरलेलं मीठ पावसाळ्यानंतर पांढऱ्या भुकटीसारखं तळाशी बाहेर येतं, आणि बाहेर येताना झिलईचे पापुद्रे उडवतं. दगडी मातीच्या बरण्यांना सहसा हा त्रास नसतो, कमी भाजलेल्यांना असतो. अशी बरणी स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी वापरा, मग सावलीत सावकाश वाळवा. दोन-तीन आठवडे लागतात. झिलई आधीच सुटत असेल तर पाण्यात घालू नका, संवर्धकाला दाखवा.

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तो वहीत लिहा. कुठे, कधी, कितीला घेतली, मापं, दोष, आणि चार फोटो: समोरून, वरून, तळ, आणि प्रत्येक तडा जवळून. क्रमांकाची चिठ्ठी आत टाका. सोनेरी कामावर चिकटपट्टी लावली तर ती निघताना सोनं घेऊन निघते. मोठ्या बरण्या खालच्या फळीवर ठेवा आणि कधीही गळ्याला धरून उचलू नका, एक हात तळाखाली हवाच.

ज्या बरण्यांची झाकणं गेलेली आहेत, त्यांच्या तोंडाला मी जुन्या धोतराच्या फडक्याचा दादरा बांधते. भलतं झाकण बसवत नाही. धूळ आत जात नाही, आणि पुढेमागे ती कुणाला विकली तर घेणाऱ्याला दुरूनच दिसतं की झाकण नाही.